रस आधी, साचा नंतर? शिरोलीच्या एका फौंड्रीतला डेटाचा पेच

एका पंप हौसिंगला चार नावं होती. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर लांबलचक आकडी नंबर, पॅटर्न शॉपच्या, म्हणजे साचा पाडायचे नमुने जिथं होतात तिथल्या, वहीत 'पी-११७', टॅलीत 'हौसिंग मोठे', आणि मशीन शॉपमधली पोरं त्याला 'चार बोल्टवालं' म्हणायची. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, एकच आहे, असं तेव्हा सगळेच छातीठोक सांगत होते. ते खोटं निघालं, पण ते पुढं येईलच.

ज्या घरच्या उद्योगाचं हे प्रकरण आहे त्यांचं नाव देत नाही. जुनी फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, नवी कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आणि मशीन शॉप अजून उद्यमनगरात, जिथं थोरल्या मालकांनी, आबांनी, एका लेथवर सुरुवात केली त्याच गाळ्यात. शिरोलीचा हिशेब टॅलीत. कागलला विकत घेतलेला ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकात चालवणारं सॉफ्टवेअर. उद्यमनगरात एक्सेल, तेही दोन माणसांच्या दोन लॅपटॉपवर दोन वेगळ्या. मी त्यांची हिशेबाची आणि स्टोअरची सॉफ्टवेअर बरीच वर्षं सांभाळतोय.

एका संध्याकाळी आबांच्या मुलानं, दादानं, टेबलावर दोन कोटेशन्स ठेवली. एक डेटा लेकचं, दुसरं मास्टर डेटा मॅनेजमेंटचं. "काका, पैसे एकापुरतेच आहेत. कुठलं घ्यायचं तेवढं सांगा."

मी लगेच काही बोललो नाही. दोन्ही पार्ट्यांना एकदा बोलावून घे म्हटलं, आबांच्या समोर.

लेकवाला पोरगा हुशार होता. 'डेटा लेक' हा शब्द २०१० साली जेम्स डिक्सन यांनी काढला. ते तेव्हा पेंटाहो नावाच्या कंपनीत तंत्रप्रमुख होते. त्यांचा दृष्टांत असा, की नेहमीचा डेटा मार्ट म्हणजे गाळून, बाटलीत भरून विकायला ठेवलेलं पाणी, आणि लेक म्हणजे तळं. पाणी जसं येतं तसं येऊ द्यायचं; ज्याला पोहायचंय तो पोहील, ज्याला नमुना तपासायचाय तो बाटली बुडवून नेईल. पोरग्यानं हे छान समजावलं. आपल्या गावात तळ्याचा दृष्टांत देणं मात्र जोखमीचं. दादा पटकन म्हणाला, "रंकाळापण तळंच आहे. आत काय काय येतं आणि वर जलपर्णी कशी माजते ते बघितलंय आम्ही." या धंद्यातही त्याला नाव आहे, डेटा स्वाम्प, म्हणजे दलदल. तळं आणि दलदल यांत फरक एवढाच, की तळ्यात काय आलं, कुठून आलं, कधी आलं याची कुणीतरी नोंद ठेवलेली असते.

मग तो पोरगा मुख्य मुद्द्यावर आला. सगळ्या मशीनचा, सगळ्या सॉफ्टवेअरचा डेटा आहे तसा आणून ओतायचा. त्याला आकार द्यायचा तो वाचायच्या वेळी.

आबांनी चष्मा काढला. "म्हंजे रस आधी ओतायचा आणि मोल्ड नंतर करायचा व्हय?"

ऑफिसात हशा पिकला, तो पोरगाही हसला. जेवताना मी आबांना म्हटलं, तुमचा विनोद भारी होता, पण त्यात एक मेख आहे. लोखंडाचा रस एकदा ओतला की थिजतो. डेटा थिजत नाही. तोच ढीग आज एका साच्यातून वाचा, उद्या दुसऱ्या. लेकची सगळी ताकद यात आहे, आणि पुढं आमच्याही ती कामाला आली.

मास्टर डेटावाल्यांचं नेमकं उलट. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक कोण, सप्लायर कोण, आयटम कुठला, हे आधी एकदा ठरवून घ्या. प्रत्येकाची एकच खरी नोंद, त्याला ते गोल्डन रेकॉर्ड म्हणतात, आणि बाकी सगळ्या सॉफ्टवेअरनी ती मानायची. म्हणणं रास्त. पण डेमोत त्यांनी बँकेचा ग्राहक दाखवला, एकाच माणसाची कर्जं, कार्डं, खाती एका पडद्यावर. आमच्याकडं गिऱ्हाइकं मोजकी, त्यातली निम्मी आबांना आवाजावरून ओळखतात. शिवाय आखणी, समिती, मंजुऱ्या, अशी वर्षभराची यादी. दादाचा चेहरा बघूनच कळलं, हे होणार नाही.

कोटेशन्स बाजूला ठेवून मी तिन्ही ठिकाणी जाऊन एकच विचारलं: गेल्या दोन महिन्यांत भांडणं कशाकशावरून झाली? हा प्रश्न मी हिशेबाच्या कामातून शिकलोय. 'तुम्हाला कुठला रिपोर्ट पाहिजे' विचारलं की माणसं बघितलेलं काहीतरी सांगतात. भांडण विचारलं की खरं बाहेर येतं.

तीन भांडणं निघाली.

पहिलं त्या हौसिंगचं. मशीनिंगला घेतल्यावर आत ब्लो होल, म्हणजे वायूमुळं पडलेली भोकं, निघायची, माल परत. कागल म्हणायचं आमचं रिजेक्शन कमी, शिरोली म्हणायची आमचं कमी. दोघांकडं आकडे होते आणि दोघांचेही बरोबर असू शकत होते, कारण मोजत कोण काय होतं हेच ठरत नव्हतं. त्यात दोन्हीकडं हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या रसाच्या प्रत्येक खेपेचा नंबर, रोज एकपासून. एकाच तारखेला शिरोलीतही हीट १४ आणि कागललाही हीट १४.

दुसरं अकाउंट्समधलं. इन्कम टॅक्सच्या ४३बी कलमात (एच) हे पोटकलम आल्यापासून, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल वेळेत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. अकाउंट्सच्या मॅडमनी सप्लायरांची उद्यम नोंदणी मागवून टॅलीत खूण करून ठेवली होती. चोख काम. पण फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचा, एक ठेकेदार तीन कोडांनी बसला होता आणि खूण एकालाच होती. बिलं बाकीच्या दोन कोडांवर पडत गेली आणि मार्चअखेरीस सीएंच्या ऑफिसातून फोन आला. मॅडम त्या दिवसापासून संगणकावर चिडून आहेत. माझ्यावरही थोड्या.

तिसरं लाइट बिलाचं. इंडक्शन भट्ट्यांची मॅक्झिमम डिमांड, म्हणजे एका वेळी ओढलेली जास्तीत जास्त वीज, मधूनच उसळायची आणि महावितरणच्या बिलात त्याचा आकार लागायचा. दोन भट्ट्या एकाच वेळी पूर्ण ताकदीवर येतात असा दादाचा संशय. शिफ्टवाल्यांचं म्हणणं, कधीच नाही.

या तिसऱ्या भांडणात नावाचा घोळच नाही. प्रत्येक भट्टीला मीटर एक, नावं सगळ्यांना ठाऊक. तिथं हवेत ते नुसते आकडे, बारीक आणि पुष्कळ दिवसांचे. तो लेकचा प्रश्न. पहिली दोन मात्र लेकनं सुटणारी नव्हती. चार नावांचं हौसिंग तळ्यात टाकलं तर तळ्यात चार हौसिंग पोहणार. फेटलिंगवाला तीनदा आत जाऊन तीनदाच बाहेर येणार.

इथपर्यंत कुणीही म्हणेल, मग मास्टर डेटा घ्या, विषय संपला. मीही जवळपास तेच सांगणार होतो. अडलो ते शिरोलीच्या स्पेक्ट्रोमीटरपाशी.

स्पेक्ट्रोमीटर म्हणजे धातूच्या नमुन्यावर ठिणगी पाडून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस वगैरे किती आहे ते सांगणारं मशीन. त्याला जोडलेला पीसी जुना. क्वालिटीचा पोरगा दर महिन्याच्या शेवटी जुने निकाल पुसून टाकायचा. "पीसी स्लो होतोय की." छापील प्रत फायलीत असते, पण हव्या त्या दिवसाची फाइल शोधताना मारुतीच आठवतो. आता हिशेब बघा. कास्टिंग ओतलं, फेटलिंग झालं, उद्यमनगरला गेलं, तिथं नंबर लागून मशीनवर चढलं आणि भोक दिसलं, तोवर दोन-अडीच महिने. म्हणजे ज्या दिवशी प्रश्न पडायचा त्या दिवशी उत्तर पुसलेलं असायचं. भट्टीच्या मीटरचं तसंच. रीडिंग पडद्यावर दिसायचं, साठत काहीच नव्हतं.

माझं सगळं मत तिथं फिरलं. नावं उद्याही दुरुस्त करता येतात, परवाही. दोन वर्षांपूर्वीच्या बिलावरचा सप्लायर कोण हे आजही बसून जुळवता येतं. न साठवलेलं रीडिंग मात्र ब्रह्मदेव आला तरी परत मिळत नाही. म्हणून क्रम ठरला तो असा: साठवायला आजपासून सुरुवात, आणि तीही जवळपास फुकटात होईल इतकी साधी. पैसा, वेळ, माणसांची डोकी, ही सगळी नावांच्या कामाला.

साठवायला लेकचं कोटेशन लागणार होतं का? कागदावर मांडून बघितलं. भट्टीच्या मीटरचं दर १० सेकंदाला एक रीडिंग धरलं तर दिवसाला ८,६४०. वर्षात ३०० दिवस भट्टी चालली तर २५ लाख ९२ हजार. एक्सेलच्या एका शीटला १०,४८,५७६ ओळींची मर्यादा असते, म्हणजे ते पाच महिन्यांच्या आत भरतं. एक्सेलमध्ये भागणार नाही हे खरं. पण साध्या डेटाबेसला एवढं म्हणजे पोहे खाल्ल्यासारखं. स्पेक्ट्रोमीटरचा डेटा तर त्याहून किरकोळ. हे तळं नाही, परसातली विहीर आहे. ऑफिसात वरच्या मजल्यावर एक छोटं स्टोरेज बसवलं, रात्री दोन वाजता सगळ्या मशीनच्या फायली आहेत तशा तिकडं जातात आणि एक प्रत क्लाउडवर. फोल्डरला जागा, मशीन आणि तारीख. आत हात लावायचा नाही, साफसफाई करायची नाही. वरचा मजला हा आबांचा हट्ट. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं होतं आणि रस्ता कित्येक दिवस बंद होता, ते त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता नावं. मास्टर डेटा करायची एक रीत अशी, की जुन्या सॉफ्टवेअरमधलं काहीच बदलायचं नाही, फक्त कुठल्या सॉफ्टवेअरमधला कुठला कोड म्हणजे कोण, याची एक मध्यवर्ती वही ठेवायची. तिला रजिस्ट्री पद्धत म्हणतात. दुसऱ्या टोकाची रीत म्हणजे नवी नोंद मध्यवर्ती ठिकाणीच तयार होणार आणि बाकीच्यांनी तिथून घ्यायची. दुसरी जास्त शुद्ध. आम्ही पहिली घेतली, कारण टॅलीतलं 'हौसिंग मोठे' पुसायला गेलो असतो तर शिरोलीच्या स्टोअरनं मला गेटवरच अडवलं असतं.

तीनच वह्या करायच्या ठरलं: सप्लायर, पॅटर्न, आणि रिजेक्शनची कारणं. गिऱ्हाइकांची नको.

सप्लायरच्या वहीत मी स्वतः तोंडघशी पडलो, ते लपवत नाही. सारखी नावं शोधायला मी साउंडेक्स लावलं. १९१८ सालचं अमेरिकन पेटंट. इंग्रजी नावाला उच्चारावरून एक अक्षर आणि तीन आकडे देतं. चौगुले हे इंग्रजीत कुणी कसंही लिहो, कोड एकच येतो, छान जुळतं. पण साउंडेक्स पहिलं अक्षर तसंच ठेवतं. त्यामुळं वाघमोडे कुणी 'डब्ल्यू'नं लिहिला आणि कुणी 'व्ही'नं, की झाले दोन वेगळे. ते मी हातानं जुळवलं आणि स्वतःवर खूश झालो. त्याच खुशीत कोअर बॉक्स, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी पाडणाऱ्या गाभ्याचे साचे, करणारी दोन खाती एक केली: नाव एक, गल्ली एक, मोबाइलसुद्धा एकच.

ते दोन भाऊ निघाले. वाटणी झालेली, बोर्ड वडिलांच्या नावाचा दोघांनीही ठेवलेला, मोबाइल थोरल्याचा. धाकट्याचं पेमेंट थोरल्याच्या खात्यात गेलं. थोरल्यानं ते परत दिलं, पण धाकट्यानं आठवडाभर कोअर बॉक्स दिले नाहीत आणि मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकाचे दोन राहिले तर रिपोर्ट चुकतो. दोनाचा एक झाला तर पैसा चुकतो आणि माणूस दुखावतो.

त्यानंतर नियम केला: पॅन वेगळा असेल तर बाकी सगळं सारखं असलं तरी जोडायचं नाही. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजेच पॅन. म्हणून बहुतेकांचा पॅन जीएसटी नंबरातूनच काढता आला. उलटं मात्र चालत नाही. आपण सीमेवरचे, एकाच पॅनवर कोल्हापुरात २७ आणि बेळगावला २९ अशा दोन नोंदण्या असलेले सप्लायर आमच्याकडं आहेत. माणूस एक, बिलाच्या दृष्टीनं दोन. वहीत त्यांना एका छपराखाली दोन खोल्या दिल्या. आणि जे जॉबवर्कवाले २० लाखांच्या उलाढालीच्या आत आहेत, त्यांच्याकडं जीएसटी नंबरच नसतो. त्यांचा पॅन मॅडमनी एकेकाला फोन करून घेतला. त्या कामाला कुठलंच सॉफ्टवेअर नाही.

पॅटर्नची वही माझ्या आवाक्यातली नव्हती. शिरोलीच्या पॅटर्न शॉपला पोटमाळा आहे. तिथं लाकडी, अॅल्युमिनियमचे पॅटर्न एकावर एक, वर बोटभर काळी धूळ. स्टोअरचे मामा तिथं चाळीसेक वर्षं आहेत. दादा, मी आणि मामा एका रविवारी वर चढलो. यादीत 'पी-११७' एकच. मामांनी शिरोलीचा पॅटर्न ओढून काढला, फडक्यानं पुसला. मग कागलहून मागवलेला, नवा, अॅल्युमिनियमचा, त्याच्या शेजारी ठेवला. दोघांवर नंबर तोच ठोकलेला.

मामांनी अंगठा फिरवला. "ह्ये एक न्हवं, दादा. ह्येला हितं व्हेंट हाय. मीच घातलंय, हवा कोंडायची म्हणून. त्येला न्हाई."

जुन्या पॅटर्नला मामांनी कधीतरी वायू बाहेर जायला वाट करून दिली होती. ना ड्रॉइंगवर नोंद, ना वहीत. कागलचा पॅटर्न मूळ ड्रॉइंगवरून केला, त्यात ती वाट आलीच नाही. चार नावं एका कास्टिंगची नव्हती, दोन कास्टिंगची होती. आम्ही ठरल्याप्रमाणं डोळे झाकून चार नावांचं एक केलं असतं, तर हा फरक आमच्याच हातानं पुरला गेला असता. आता ते 'पी-११७-ए' आणि 'पी-११७-बी' आहेत, आणि कागलच्या पॅटर्नलाही व्हेंट पडलं.

लोखंडाच्या ग्रेडच्या बाबतीतही जोडायचा मोह आवरावा लागला. आपल्या आयएस २१० या मानकातलं एफजी २६० आणि युरोपियन नावाचं जीजेएल-२५० शेजारी शेजारी बसतात, भट्टीवाला दोन्हीला एकाच सुरात 'ग्रे' म्हणतो. पण एकात ताणशक्ती किमान २६० मेगापास्कल मागतात, दुसऱ्यात २५०, आणि टेस्ट सर्टिफिकेटवर गिऱ्हाईक आपलं नाव शोधतं. वहीत दोघांमध्ये 'जवळचं' अशी रेघ आहे. 'तेच' अशी नाही.

कारणांची वही सगळ्यात नीरस आणि, माझ्या मते, सगळ्यात किमती. 'गॅस होल', 'ब्लो', 'पोकळ', 'भोक' हे चारही शब्द एकाच कोडात बसवले. कोड मोजकेच ठेवले, शेवटी 'इतर'. पहिल्या महिन्याच्या रिपोर्टात 'इतर' सगळ्यांच्या पुढं. शिफ्ट संपताना घाई असते, पोरं शेवटचं बटण दाबून मोकळी. 'इतर' काढलं, त्याऐवजी 'फोटो पाठवा' ठेवलं. फोटो काढायचा कंटाळा येतो, म्हणून आता कोड बरोबर पडतात.

प्रत्येक वहीला मालक एकच. पॅटर्नला मामा, सप्लायरला मॅडम, कारणांना कागलचे क्वालिटीवाले. नवं नाव घालायचं तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं, मालक हो म्हणेल तर मी नोंद करतो. मी कुठल्याच वहीचा मालक नाही. मामा दोन वर्षांत घरी बसतील, त्यांच्या हाताखाली कोण, हे अजून ठरलेलं नाही.

लाइट बिलाचं भांडण सगळ्यात सोपं निघालं. महिनाभराचं रीडिंग साठल्यावर दोन्ही भट्ट्यांच्या रेघा एकावर एक ठेवल्या. उसळी शिफ्ट बदलायच्या सुमाराला येत होती. येणारा नवी भट्टी लावायचा, जाणाऱ्याची अजून उतरलेली नसायची. दादाचा संशय खरा, शिफ्टवालेही खोटे नव्हते, कारण एका शिफ्टमध्ये कधीच दोन लागत नव्हत्या.

हौसिंगचं पूर्ण सुटलेलं नाही. व्हेंट पडल्यावर कागलचा त्रास उतरला, पण पाऊस लागला की दोन्हीकडं ब्लो होल पुन्हा डोकं वर काढतात. वाळूत ओल जास्त झाली की वाफ होते आणि भोकं पडतात, हे फौंड्रीत शेंबड्या पोराला माहीत. म्हणून मी साठवलेल्या ढिगात वाळूच्या मॉइश्चरची रीडिंग शोधायला गेलो. भट्टीची लाखांनी रीडिंग होती, वाळूचं एकही नाही. सँड लॅबमधला माणूस दर दोन तासांनी मॉइश्चर तपासतो आणि लाल रंगाच्या फुलस्केप वहीत पेन्सिलीनं लिहितो. तशा वह्यांची चवड त्याच्या टेबलाखाली होती. दोन मी घरी आणल्या आहेत, माझा पुतण्या रात्री बसून ते आकडे चढवतोय, आणि सात हा त्या माणसाचा एकासारखा दिसतो म्हणून रोज एकदा मला विचारतोय.